पॉप-अपची कुळकथा

वेबपानावर मध्येच उगवणाऱ्या चौकटीचा मूळपुरुष म्हणजे जावास्क्रिप्टमधला ‘अलर्ट’. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली १० दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. अलर्ट आला की पान जागीच थिजतं. स्क्रोल होत नाही, टाइप करता येत नाही, मागे चाललेला कोडसुद्धा ‘ओके’ दाबेपर्यंत ताटकळतो. पिनकोड चुकला एवढंच सांगायला हा बंदोबस्त फारच झाला.

याच भाषेत नवी खिडकी उघडायचीही सोय होती. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या साइटवर लोक स्वतःची पानं तयार करत आणि कंपनी त्यांवर जाहिराती लावी. एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी भडकली. पान आणि जाहिरात यांचा संबंध दिसू नये म्हणून ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला. पुढे या खिडक्यांनी उच्छाद मांडला. २०१४मध्ये ‘द अटलांटिक’मधल्या लेखात झुकरमन यांनी त्याबद्दल माफी मागितली.

तोवर ब्राउझरवाल्यांनी दार लावून घेतलं होतं. ऑपेरा आणि मोझिला आधी, मग २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोरर. नियम साधा होता: माणसाने क्लिक केलं तरच खिडकी उघडेल. वेबच्या इतिहासात इतका शहाणा नियम मला दुसरा दिसत नाही.

मग अलर्टऐवजी छोटे निरोप पानाच्या कोपऱ्यात आले आणि आपोआप मावळू लागले. पण सावकाश वाचणाऱ्याचा निरोप हुकायचा, आणि अंध व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो आल्याचं कळायचंही नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१४मध्ये मान्य केलेल्या ‘एरिया’ मानकात यावर उपाय आहे. ‘फाइल सेव्ह झाली’ हा निरोप चालू वाक्य संपेपर्यंत थांबतो. ‘सेशन संपत आलं’ हा मध्येच बोलू शकतो. कुठला निरोप कुठल्या वर्गात घालायचा, हे डिझायनरने ठरवायचं.

२०१५मध्ये क्रोमने साइट बंद असतानाही सूचना पाठवायची मुभा दिली, आणि पान उघडताक्षणी परवानगी मागायचा सपाटा सुरू झाला. जानेवारी २०२०मध्ये फायरफॉक्स ७२ने जुनाच नियम लावला: क्लिक नाही, तर विचारणाही नाही. त्यामुळे, उदाहरणार्थ, रेल्वे तिकिटाच्या साइटने तिकीट काढून झाल्यावर ‘गाडीला उशीर झाल्यास कळवा’ असं बटण द्यावं आणि ते दाबल्यावरच परवानगी मागावी.