जनुकीय तपासणीच्या अहवालातील ‘संरक्षित जागा’ म्हणजे काय?

जनुकीय तपासणीच्या अहवालात कधी कधी असे लिहिलेले असते: ‘हा बदल अनेक प्रजातींमध्ये संरक्षित असलेल्या जागी आहे.’ हे वाचून घाबरू नका. आधी त्याचा अर्थ समजून घ्या.

संरक्षित भाग कसा ओळखतात?

आपल्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. पिढ्यानपिढ्या त्यांत आपोआप बदल होत राहतात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही. पण महत्त्वाच्या जागी बदल झाला, तर तो जीव अनेकदा जगत नाही किंवा त्याला संतती होत नाही, त्यामुळे तो बदल पुढे जात नाही. माणूस आणि उंदीर यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही डीएनएचा एखादा भाग दोघांत जवळपास सारखाच राहिला असेल, तर तो शरीरासाठी गरजेचा असण्याची शक्यता जास्त असते. २०२३ मध्ये २४० सस्तन प्रजातींच्या डीएनएची अशी तुलना प्रसिद्ध झाली.

एक उदाहरण

हातापायांची बोटे घडवण्यात ‘एसएचएच’ या जनुकाचा वाटा असतो. त्याला चालू-बंद करणारा एक छोटा भाग त्याच्यापासून सुमारे १० लाख अक्षरे दूर आहे. तो माणूस, उंदीर, मांजर यांच्यात संरक्षित आहे. तिथले एकच अक्षर बदलले तरी जादा अंगठा येऊ शकतो, माणसात आणि मांजरातही.

मग तुमच्या अहवालाचे काय?

संरक्षित जागेवरचा बदल हा फक्त एक धागा आहे, निदान नव्हे. अशा जागेवरचे काही बदल निरुपद्रवी असतात. म्हणून डॉक्टर लक्षणे, कुटुंबातील आजार आणि तो बदल निरोगी लोकांत किती आढळतो, हेही पाहतात.

बदलापुढे ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असेल, तर:

• केवळ त्याच्या आधारे शस्त्रक्रिया किंवा गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.
• आई-वडिलांची तपासणी उपयोगी ठरेल का, हे विचारा. बदल दोघांतही नसेल, तर संशय वाढू शकतो.
• अहवाल जपून ठेवा. एक-दोन वर्षांनी फेरतपासणीबद्दल विचारा. नव्या माहितीनुसार शेरा बदलू शकतो.
• जनुकीय समुपदेशकांना भेटा.

लक्षणे असतील, तर अहवालासाठी उपचार थांबवू नका.