घड्याळजींचा छोटा लेथ

घड्याळदुरुस्तीत लेथ लागतो तो मुख्यतः चाकांच्या दांड्यांसाठी. प्रत्येक दांड्याची दोन्ही टोके बारीक कातलेली असतात. या टोकांवर, म्हणजे पिव्हटांवर, चाक पितळी पट्ट्यांच्या भोकांत फिरते. तेल वाळून त्यात धूळ मिसळली की पिव्हटावर चरे पडतात आणि घड्याळ आपटले तर तो मोडतो. सुटे भाग एकाच मापाचे निघू लागण्यापूर्वी नवा दांडा विकत मिळण्याची सोय नव्हती. तो त्याच घड्याळाच्या मापाने कातावा लागे.

युरोपातील घड्याळजी हे काम कमानीने फिरवायच्या छोट्या साधनावर करत. इंग्लंडमध्ये या साधनाला ‘टर्न्स’ म्हणत. ते व्हाइसमध्ये धरलेले असे. त्याच्या दोन स्थिर टोकांमध्ये दांडा बसवायचा, दांड्यावर छोटी कप्पी घट्ट करायची आणि कमानीच्या दोरीचा एक वेढा तिला द्यायचा. नाजूक कामासाठी दोरीऐवजी घोड्याचा केस वापरत. डावा हात कमान ओढी, उजव्या हातात पोलादी ग्रेव्हर, म्हणजे कातण्याचे धारदार हत्यार. कमान खाली येताना धार लागायची, वर जाताना ती किंचित मागे घ्यायची. वेग कमी, पण अचूकता विलक्षण: दांडा स्वतःच्याच केंद्रांवर फिरत असल्याने तो कितीही वेळा काढून परत लावला तरी मध्य ढळत नसे.

पुढचा बदल अमेरिकेतल्या कारखान्यांतून आला. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे 1854 पासून ॲरन डेनिसन यांच्या कंपनीत यंत्रांवर खिशातली घड्याळे बनू लागली. तेथील कारागीर चार्ल्स मोझली यांनी 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात पोकळ स्पिंडल आणि त्यात मागून खेचून आवळणारे, चिरा दिलेले कॉलेट, म्हणजे काम धरणारी नळी, प्रचारात आणले. तार आत सारली, मागची मूठ फिरवली की ती मध्यावर पक्की. एकसारखे भाग बनवण्यासाठी घडलेली ही सोय दुरुस्तीच्या टेबलावर, जिथे प्रत्येक काम वेगळे, तितकीच मोलाची ठरली. 1889 च्या सुमारास आलेल्या ‘वेबस्टर-व्हिटकोंब’ लेथने 8 मिमी कॉलेटचे माप रूढ केले. जर्मनीतील बोली आणि लॉर्श यांनीही त्या मापाचे लेथ बनवले. कॉलेटवरचा क्रमांक त्याच्या भोकाचे माप मिलिमीटरच्या दशांशात सांगतो: 10 म्हणजे 1 मिमी.

कॉलेट झिजले की मात्र काम वाकडे फिरते. म्हणून जुने कारागीर विसाव्या शतकातही पिव्हटाचा शेवटचा हात कमानीवरच देत. दुसरा उपाय लाखेचा, आणि तो फार सुंदर आहे. लेथवर बसवलेल्या पितळी चकच्या तोंडावर लाख वितळवायची, ती मऊ असतानाच दांडा त्यात टेकवून लेथ फिरवायचा आणि लाकडी काडीच्या आधाराने तो मध्यावर आणायचा. लाख थिजली की पकड तयार. जगभरच्या घड्याळजींना ही लाख मुख्यतः भारतातून मिळे.

लेथ फिरवण्यासाठी कमानीनंतर हातचाक, पायचाक आणि अखेर छोटी विजेची मोटर आली. 1969 मध्ये क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आल्यावर कातकामाची गरज घटली. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांना मात्र ती आजही आहे. त्यांत पिव्हट मोडला की दांड्याचे टोक सपाट करतात, मध्यावर भोक पाडून निळसर पाणी दिलेली पोलादी तार ठोकतात, ती मापात कातून बर्निशरने घासून गुळगुळीत करतात. मूळ चाक आणि दांडा अशा रीतीने टिकून राहतात.