श्रीरामपूर परिसरातील दलित कुटुंबांचे स्थलांतर

श्रीरामपूर (जि. अहिल्यानगर) हे शहर दौंड–मनमाड लोहमार्गावरील (१८७८) बेलापूर स्थानकाभोवती वाढले. प्रवरेचे कालवे व भंडारदरा धरण (१९२६) यांमुळे परिसरात ऊस पिकू लागला आणि हरेगावला बेलापूर कंपनीचा, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सचा साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन मळे केले. या मळ्यांवर राबण्यास दुष्काळी भागांतील महार व मांग कुटुंबे बिऱ्हाडासह आली. पुरुष ऊसतोडीस वा कारखान्यात, तर स्त्रिया खुरपणीस जात. गावी बलुते मागावे लागे. येथे मजुरी रोख मिळे, हा फरक लहान नव्हता. मात्र गाव सुटले तरी वतनाचे पाश सुटले नाहीत. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथेच भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वतनी जमिनींवरील वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठविला. ही वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली.

जमिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कमाल जमीनधारणा कायद्यानंतर (१९६१) कारखान्यांचे मळे महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे (स्थापना १९६३) गेले व मजूर महामंडळाचे कामगार झाले. २०१२ पासून या जमिनी मूळ खंडकरी शेतकऱ्यांना वा त्यांच्या वारसांना परत मिळू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या कसणाऱ्या मजुरांची नावे खंडाच्या करारांत कधी नव्हतीच.