मृत्यूची व्याख्या : संज्ञा आणि निकष

मृत्यू ही घटना सर्वपरिचित असली, तरी तिची व्याख्या दीर्घकाळ वादग्रस्त राहिली आहे. 'प्राण जाणे' या मराठी वाक्प्रचारात श्वास आणि जीवित यांचे जे ऐक्य गृहीत धरलेले आहे, तेच युरोपीय वैद्यकानेही शतकानुशतके प्रमाण मानले होते.

या लक्षणांच्या विश्वसनीयतेविषयी इ. स. १७४० मध्ये पॅरिस येथील शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो याने शंका उपस्थित केली. पुढे लाएनेकच्या स्टेथोस्कोपचा (१८१६) आधार घेऊन बूशूने १८४९ च्या आपल्या ग्रंथात हृदयध्वनीचा अभाव हे मृत्यूचे निर्णायक लक्षण ठरविले. परंतु येथे लक्षणाची परीक्षा तेवढी अधिक अचूक झाली. मृत्यूची कल्पना पालटली नाही.

ती पालटली कृत्रिम श्वसनामुळे. १९५२ च्या कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीनंतर या उपचाराचा प्रसार झाला आणि मेंदू नष्ट होऊनही हृदय चालू असलेले रुग्ण दिसू लागले. १९५९ मध्ये मोलारे व गूलाँ यांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन करून त्या अवस्थेस 'बेशुद्धीच्या पलीकडील' असे नाव दिले. 'मृत्यू' हा शब्द त्यांनी योजला नाही, हे लक्षणीय होय. डिसेंबर १९६७ मध्ये बर्नार्ड यांनी केपटाउन येथे, तर फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोपण केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हार्वर्ड समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'अपरिवर्तनीय बेशुद्धी' असे शब्द आहेत. आशय मात्र मृत्यूच्या नव्या निकषाचा आहे.

भारतात हाच संदिग्धपणा विधिभाषेत उतरला. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या अधिनियमात जीविताची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे म्हणजे मृत्यू, अशी व्याख्या आहे. तीत मेंदूचा निर्देश नाही. अवयवरोपणविषयक १९९४ चा अधिनियम प्रथम महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांस लागू झाला. त्यात मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस मान्यता मिळाली व किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी विहित झाली.

'मेंदूमृत्यू' या समासाचा 'मेंदूचा मृत्यू' असा विग्रह केल्यास एका अवयवाचा नाश एवढाच बोध होतो. अधिनियमास अभिप्रेत असलेला अर्थ मात्र 'मेंदूवरून निश्चित झालेला व्यक्तीचा मृत्यू' असा आहे. हृदय धडधडत असताना अवयवदानास संमती देणाऱ्या आप्तांपुढे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दातून उभे राहतात. म्हणून वैद्यकीय निकष निश्चित झाल्यानंतरही परिभाषेचा प्रश्न शिल्लक राहतो, असे म्हणणे प्राप्त आहे.