ओफीरच्या वाटेवर

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात कापूस वेचणीला वेग येतो आणि कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या सिंदी-सेलूच्या बाजाराकडे वळू लागतात. आमच्या वऱ्हाड-नागपूर प्रांतात कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. सेलूला बालपण घालवलेल्या प्रस्तुत लेखकाला हे शब्द पुष्कळ वर्षे निव्वळ अलंकारिक वाटत आले. पुढे इतिहासाची पाने चाळताना ध्यानी आले की, एके काळी अरबी समुद्राच्या पैलतीरावर पांढऱ्या सोन्याच्या मोबदल्यात पिवळे सोने खरोखरच मोजून घेतले जात होते. त्या व्यवहाराच्या वाटेने आपल्या किनाऱ्यावरचे कापड गेले, गोव्याची माणसे गेली आणि प्रभू येशूचे शुभवर्तमानही गेले. त्या वाटेची ही हकिकत आहे.

जुन्या करारातील राजांच्या पहिल्या ग्रंथात (९:२८) शलमोन राजाच्या गलबतांनी ओफीर येथून ४२० किक्कार सोने आणल्याचे आपण वाचतो. हे ओफीर नेमके कोठे होते, याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. कोणी ते अरबस्तानात शोधले, कोणी आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्यात, तर कोणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सोफाळा बंदरात. सोपारा आणि सोफाळा या नावांतील साम्यामुळे हा वाद अधिकच रंगला. सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांना मात्र सोफाळाच ओफीर वाटावे, याला सबळ कारण होते. तेथे खरोखरच सोने येत होते.

आजच्या मोझांबिक देशाच्या किनाऱ्यावरून आपण या मुलखात प्रवेश करू. उत्तरेस मोझांबिक याच नावाचे एक चिंचोळे बेट आहे. त्याच्या टोकाला १५२२ साली बांधलेले ‘बालुआर्तच्या आमच्या स्वामिणीचे’ छोटेखानी चॅपल अजून उभे आहे. भारताकडे निघालेली पोर्तुगीज गलबते अनुकूल वाऱ्याची वाट पाहत या बेटावर मुक्काम करीत. संत फ्रान्सिस झेविअर गोव्यास येण्यापूर्वी १५४१ च्या ऑगस्टपासून सुमारे सहा महिने येथेच अडकून पडले होते आणि तापाने फणफणलेल्या खलाशांची शुश्रूषा करीत होते. या किनाऱ्याचा राज्यकारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चाले, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. तेथील अधिकाऱ्याला हुकूम गोव्याचा आणि तेथील धर्मगुरूला आज्ञाही बहुधा गोव्याचीच.

बेटाहून दक्षिणेकडे गेल्यावर सोफाळा लागते. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांची वस्ती होती. खंबायत आणि चौल येथील सुती कापड व काचेचे मणी गलबतांतून येथे उतरत आणि त्यांच्या बदल्यात अंतर्भागातून आलेले सोने व हस्तिदंत परत जाई. १५०५ साली पेरो द अनाया याने येथे पोर्तुगिजांचा किल्ला उभारला. त्यानंतर वर्षभरातच तापाने त्याचा व त्याच्या कित्येक शिपायांचा बळी घेतला. तरीही सोन्याची ओढ कमी झाली नाही.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट आपण ख्रिस्ती जनांनी जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सोफाळ्याच्या सोन्यावर गबर झालेल्या किल्वा बंदराच्या राजाकडून वास्को द गामाने तोफांचा धाक दाखवून सोन्याची खंडणी वसूल केली. त्या सोन्यातून लिस्बन येथे १५०६ मध्ये परमपवित्र संस्काराच्या आराधनेसाठी वेदीवर ठेवावयाचे एक अप्रतिम पात्र घडविण्यात आले. बेलेमचे सुवर्णपात्र म्हणून ते आज लिस्बनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मध्यभागी बारा प्रेषित गुडघे टेकून बसलेले दिसतात. कारागिरी पाहून मन थक्क होते आणि ते सोने कसे आले हे आठवले की तेच मन खाली पाहू लागते. या सबंध इतिहासाचे सार जणू त्या एका पात्रात उतरले आहे.

सोफाळ्याला सोने येत असले तरी ते पिकत नव्हते. त्यासाठी झांबेझी नदीच्या दक्षिणेचे पठार गाठावे लागे. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, रुक्ष रानातून, तापाच्या दलदली ओलांडीत जाणारी ती वाट होती. या पठारावर मुतापा नावाचे राजघराणे नांदत होते. पोर्तुगीज त्याला ‘मोनोमोतापा’ म्हणत. तेथील शोना लोक दोन प्रकारे सोने मिळवीत. एक, नदीची वाळू लाकडी पात्रात घोळवून. आपल्याकडे बालाघाटच्या बाजूचे सोनझारी नदीच्या पात्रात आणि झारेकरी सोनारआळीच्या केरात ज्या चिकाटीने सोन्याचे कण शोधतात, तीच ही पद्धत. दुसरी, गारगोटीच्या शिरेचा माग काढीत अरुंद विवरे खोदण्याची. खडक आगीने तापवून फोडावा, दगड वर आणावा, कुटावा आणि धुवावा. हे काम सुगी आटोपल्यावर, जमिनीतील पाणी उतरलेले असताना चाले. त्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. जुन्या खाणींत दरड कोसळून गाडले गेलेले सांगाडे सापडले आहेत. त्यांत तरुण स्त्रियांचेही आहेत. बाजारातील प्रत्येक दागिन्यामागे असे एखादे नाव नसलेले मरण असू शकते.

जोआंव दोस सांतोस नावाचे डोमिनिकन धर्मगुरू सोळाव्या शतकाच्या अखेरीस सोफाळ्यास राहिले होते. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पूर्व इथिओपिया’ या त्यांच्या ग्रंथात या मुलखाचे बारकाईने वर्णन आहे. हे लोक कापडाची गरज लागेल तेवढेच सोने काढतात, अशी त्या काळच्या पोर्तुगिजांची तक्रार असे. त्यांना तो आळस वाटला. गरजेपुरते घेऊन थांबणे याला आळस म्हणावे की शहाणपण, हे वाचकांनीच ठरवावे.

या वाटेने सोने न मागता गेलेला एक माणूस म्हणजे फादर गोन्सालो द सिल्वेरा. पोर्तुगालमधील सरदार घराण्यात जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५५६ साली भारतातील येशूसंघाचे प्रांताधिकारी म्हणून गोव्यास आले. अधिकाराची मुदत संपल्यावर विश्रांती न घेता जानेवारी १५६० मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह आफ्रिकेकडे निघाले. आधी इन्याम्बाने भागात काही काळ काम करून ते एकटेच झांबेझीच्या वाटेने आत शिरले आणि २६ डिसेंबर १५६० रोजी मुतापाच्या राजधानीत पोहोचले.

पुढील हकिकत फादर लुईस फ्रोईश यांनी १५६१ अखेर गोव्याहून लिहिलेल्या पत्रातून आपल्यापर्यंत आली आहे. तरुण राजाने पाहुण्याला सोने, गाई आणि दासी पाठविल्या. फादरांनी सारे नम्रपणे परत केले. चकित झालेल्या राजाने दरबारातील अंतोनियो कायादो या पोर्तुगीज व्यापाऱ्यामार्फत विचारणा केली : किती स्त्रिया हव्यात, किती सोने, किती जमीन, किती गाई? मला फक्त राजा हवा, दुसरे काहीच नको, असे उत्तर गेले. त्या दरबाराने आजवर असा गोरा माणूस पाहिला नव्हता. फादरांजवळ पवित्र मारियेचे एक चित्र होते. पाहुण्याच्या झोपडीत एक सुंदर स्त्री आहे, अशी कुजबुज राजाच्या कानी गेली, तेव्हा फादरांनी ते चित्रच राजाला नेऊन दिले. काही आठवड्यांतच राजा आणि त्याची आई यांनी बाप्तिस्मा घेतला. राजाचे नाव सेबास्तियन आणि आईचे मारिया ठेवण्यात आले. दरबारातील बरेच जण त्यांच्या पाठोपाठ आले.

दरबारातील मुसलमान व्यापाऱ्यांना यात आपल्या व्यापाराचा अंत दिसला. हा माणूस चेटक्या आहे, गोव्याच्या व्हाइसरॉयचा हेर आहे, त्याच्यामागून सैन्य येईल, असे त्यांनी राजाच्या मनात भरविले. धोका कळूनही फादर गेले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी सुमारे ५० जणांना स्नानसंस्कार दिला. १५ मार्च १५६१ च्या रात्री त्यांना झोपडीत गळा आवळून मारण्यात आले आणि चेटक्याच्या देहाने भूमी बाटेल या समजुतीने त्यांचा मृतदेह मुसेंगेझी नदीत टाकण्यात आला. लुईस द कामोंइश या कवीने १५७२ च्या आपल्या महाकाव्यात या मरणाचा उल्लेख केला आहे.

येथवरची कथा आपल्या पुण्यवंतांच्या चरित्रांत शोभावी अशी आहे. पण इतिहास येथे थांबत नाही, आणि प्रामाणिकपणे लिहावयाचे तर आपणही थांबता कामा नये. राजाच्या कानी घातलेला एक आरोप खोटा होता. फादर हेर नव्हते. दुसरा मात्र आठ वर्षांत खरा ठरला. मागून सैन्य आलेच. जानेवारी १५६९ मध्ये लिस्बन येथे धर्मपंडितांच्या व कायदेपंडितांच्या मंडळाने मुतापाविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरविले. त्याच्या कारणांत फादर सिल्वेरा यांचा वध ठळकपणे होता. त्याच वर्षी तीन गलबते आणि सुमारे १००० माणसे निघाली. सेनापती होता फ्रान्सिश्कू बार्रेटो, पूर्वी वसईचा कप्तान आणि पुढे गोव्याचा गव्हर्नर झालेला. खाणी ताब्यात घेणे हा मोहिमेचा उघड हेतू होता. ज्याने सोने परत केले, त्याचे रक्त सोने मागण्याचे निमित्त झाले.

सोफाळ्याची जवळची वाट सोडून झांबेझीच्या लांब वाटेने जावे, असा सोबतच्या फादर मोंक्लारो यांचा आग्रह होता, कारण हुतात्मा त्याच वाटेने गेला होता. सेना येथे घोडे आणि माणसे पटापट मरू लागली. आज आपल्याला ठाऊक आहे की, ते त्सेत्से माशीचे आणि तापाचे काम होते. तेव्हा मात्र विषप्रयोगाचा संशय घेऊन तेथील निरपराध मुसलमान रहिवाशांची हाल हाल करून कत्तल करण्यात आली. बार्रेटो १५७३ साली सेना येथेच मरण पावला. त्याचा उत्तराधिकारी वास्को फर्नांदिश ओमेम हा १५७५ च्या सुमारास सोफाळ्याच्या बाजूने मानिका प्रदेशात पोहोचला. सोन्याचे डोंगर दिसतील या आशेने गेलेल्या त्या लोकांना दिवसभर माती उपसून, धुऊन चिमूटभर कण मिळविणारी गरीब माणसे दिसली. एवढ्यासाठी इतके प्राण गेले होते.

सोन्याच्या वाटेने उलट दिशेने आलेल्या एका माणसाची आठवण आपल्या घराजवळची आहे. सतराव्या शतकात मुतापा राजघराण्यातील मिगेल नावाचा राजपुत्र गोव्यास आणला गेला. तो डोमिनिकन संघात धर्मगुरू झाला, सांता बार्बारा मठाची जबाबदारी त्याने सांभाळली आणि १६७० साली संघाने त्याला ईशज्ञानातील मास्टर ही पदवी दिली. त्याला जवळून पाहिलेल्या एका इटालियन धर्मगुरूने लिहून ठेवले आहे की, हा मनुष्य रोज मिस्सा अर्पण करणारा, आदर्श जीवन जगणारा. पण तोंड काळे असल्यामुळे अंगावरील झग्यालाही गोव्यात कोणी मान देत नव्हते, आणि हे स्वतः पाहिले नसते तर आपला विश्वास बसला नसता. तेथे रंग आडवा आला. आपल्याकडे पंगतीत आणि सोयरिकीत काय आडवे येत आले, ते आपण जाणतोच.

पुढची दोन शतके थोडक्यात सांगता येतील. १६९३ साली चांगामिरे दोंबो या शूर राजाने पठारावरील पोर्तुगिजांच्या बाजारपेठा उद्ध्वस्त केल्या. त्यानंतर १७१५ च्या सुमारास झांबेझीच्या वरच्या अंगाला झुंबो येथे सोन्याची नवी पेठ वसविली ती फ्रान्सिश्कू परेरा या गोमंतकीय व्यापाऱ्याने. म्हापशाला १८३५ साली जन्मलेला मानुएल अंतोनियो द सोझा तर मानिका-गोरोंगोझा भागाचा जणू राजाच झाला. स्वतःची फौज बाळगणारा हा ‘गोवेइया’ नोव्हेंबर १८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या माणसांच्या हाती सापडला. तेव्हाही भांडण मानिकाच्या सोन्याचेच होते. आमची माणसे या कथेत केवळ प्रेक्षक नव्हती, हे विसरता येत नाही.

आज तेथे जाणारा प्रवासी बैरा बंदरात उतरतो. मानिकाच्या डोंगरात गरीब माणसे अजून खड्डे खणतात, माती धुतात, आणि नद्यांचे पाणी गढूळ होऊन खाली वाहते. सोफाळ्याचा किल्ला मात्र नाही. वाळू आणि समुद्राने तो गिळला. मागे उरलेले त्याचे दगड विसाव्या शतकाच्या आरंभी बैरा येथे नेण्यात आले आणि त्यांतून तेथील कॅथेड्रल उभे राहिले. मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ चक्रीवादळाने बैरा शहराची धूळधाण केली.

सोन्यासाठी रचलेले दगड अखेर प्रार्थनामंदिराच्या भिंतीत बसले, याचा आनंद मानावा. पण दगड जागा बदलतात तेव्हा ते आपला इतिहास मागे टाकून येत नाहीत. मुतापाच्या दरबारात विचारलेला प्रश्न आजही प्रत्येक धर्मसेवकाला आणि प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाला विचारला जातो : तुम्हाला नेमके काय हवे आहे? फादर गोन्सालोंनी त्याचे उत्तर दिले. त्यांच्या मागून आलेल्यांनी ते पुसून टाकले. सेलूच्या वाटेवर कापसाच्या गाडीवरून उडालेला बोंडाचा एखादा पांढरा पुंजका काटेरी बाभळीला अडकलेला दिसतो, तेव्हा हे सारे आठवते. सोने पांढरे असो की पिवळे, त्याची वाट दूरवर जाते, आणि त्या वाटेने जाणारा कशासाठी निघाला आहे हे विचारल्यावाचून समोरचा माणूस राहत नाही.