वीट काढा, दार मिटू द्या!

आमच्या सोसायटीत जिन्याच्या फायर डोअरला कायम वीट लावलेली. "हवा येते हो!" म्हणून हा इतिहास.

लंडनचा ग्रेनफेल टॉवर, १४ जून २०१७. ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं, की कित्येक फ्लॅटच्या दारांचे क्लोजर मोडलेले किंवा काढलेले होते. माणसं पळाली, दारं उघडीच राहिली, धूर लॉबीत शिरला. जानेवारी २०२३ पासून इंग्लंडात ११ मीटरहून उंच निवासी इमारतींत सामायिक फायर डोअर दर तीन महिन्यांनी तपासणं सक्तीचं झालं.

आपल्याकडेही महाराष्ट्राचा २००६चा कायदा आहे. जानेवारी-जुलैत 'फॉर्म बी' द्यायचा, यंत्रणा ठीक असल्याचा. आमच्याकडे कागद जातो, वीट राहते.

आज मीच उचलली. तुमच्या जिन्यात बघा जरा.