शिराझचे नाव आणि द्राक्षाचे कुळ

कुळाचा अभिमान माणसाला असतो. पण कधी कधी तो वस्तूंनाही जडविला जातो. ‘शिराझ’ या नावाचे तांबडे मद्य आज सर्वत्र प्रसिद्ध आहे आणि ज्या काळ्या द्राक्षापासून ते होते, त्यालाही तेच नाव आहे. हे नाव कानी पडताच बीदर-गुलबर्ग्याकडील माणसाला बहमनी दरबार आठवला, तर नवल नाही. इराणी माणसे ज्या वाटेने दख्खनमध्ये आली, त्याच वाटेने हे द्राक्षही जगभर पसरले असावे, असे सहज वाटते. पण सहज वाटते ते सारेच इतिहासात टिकत नाही.

इराणशी आपला संबंध होता, हे निर्विवाद आहे. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुरगी, राजधानी झाली. दुसऱ्या महंमदशहाच्या कारकिर्दीत शिराझच्या हाफिज कवीला दख्खनचे निमंत्रण गेले. कवी होर्मुझ बंदरापर्यंत आला. परंतु वादळाने धास्तावून परत फिरला आणि स्वतःऐवजी त्याने गझल पाठविली, असे फिरिश्ता सांगतो. पुढे बीदर राजधानी झाले. तेथील भूमिगत पाण्याची करेझ इराणी पद्धतीची आहे. इराणातील गिलानहून आलेल्या महमूद गावानने तेथेच १४७२ साली मदरसा उभारला.

मद्यही त्या दरबारात होते, आणि त्याची किंमत राज्याने मोजली. १४८१ साली शत्रूंनी रचलेले बनावट पत्र पाहून, मद्याच्या अमलाखाली असलेल्या तिसऱ्या महंमदशहाने या वृद्ध वजिराचा वध करविला. वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढे त्या राज्याची पाच शकले झाली.

द्राक्षे तर दख्खनला त्याआधीही ठाऊक होती. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे पाहिली आणि ती वर्षातून दोनदा येतात, असे नमूद केले. मग ‘शिराझ’ द्राक्ष इराणचेच का मानू नये? फ्रान्समध्येही अशीच आख्यायिका आहे. धर्मयुद्धाहून परतलेल्या एका सरदाराने ऱ्होन नदीकाठच्या टेकडीवर मठी बांधली आणि इराणातून आणलेला वेल तेथे लावला, असे तेथील लोक सांगत. त्या टेकडीला ‘हर्मिटेज’ म्हणतात.

१९९८ साली अमेरिकन व फ्रेंच संशोधकांनी आनुवंशिक तपासणी करून या वादाचा निकाल लावला. या द्राक्षाचे आईबाप, ड्युरेझा हे काळे वाण आणि मोंड्यूझ ब्लांश हे पांढरे वाण, दोन्ही आग्नेय फ्रान्समधले. फ्रेंच लोक या द्राक्षाला ‘सिरा’ म्हणतात. १८३२ साली जेम्स बझबीने पाठविलेली कलमे ऑस्ट्रेलियात पोचली आणि तेथे ‘शिराझ’ हे नाव रूढ झाले.

एकच वेल, पण भूमी बदलली की त्याचा स्वभाव बदलतो. ऱ्होनच्या थंड उतारांवर त्याचे मद्य करारी होते. त्याला काळ्या मिऱ्यांचा वास येतो. ऑस्ट्रेलियातील बरोसाच्या उन्हात तेच दाट आणि पिकल्या फळांच्या चवीचे होते. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळ्यानंतर फळछाटणी करून हिवाळ्याच्या अखेरीस पीक घेतात. उष्ण प्रदेशात वेल विसावत नाही, म्हणून ही दुहेरी छाटणी. दौलताबादच्या दुहेरी हंगामाचे मर्मही यातच दिसते.

तात्पर्य, शिराझहून दख्खनमध्ये बरेच काही आले. पण हे द्राक्ष तेथून आले नाही. बीदरचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. त्या नगराची थोरवी सांगण्यास गावानचा मदरसा आणि जमिनीखालची करेझ पुरेशी आहे. तिला उसन्या कुळाची गरज नाही. ज्या राज्यात एका खोट्या कागदाने एवढा अनर्थ घडविला, तेथील इतिहास तरी आपण शिक्क्यावर किंवा नावावर विसंबून न वाचता, पुराव्यावर तपासून वाचला पाहिजे.